हरकत लाइनवर नको, मार्गावर घ्या

प्रश्न : तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. 220 केव्हीच्या नव्या हायटेन्शन लाइनची जाहीर सूचना पेपरात आली. त्यात आमच्या गावाचं नाव आहे आणि हरकतींसाठी दोन महिन्यांची मुदत आहे. त्यातले पाच आठवडे गेले. सर्वेवाल्यांनी बागेच्या मधोमध खुंटी ठोकली आहे. 'आम्हाला लाइन नको' असा अर्ज करून गावाने शंभरेक सह्या जमवल्या आहेत. तेवढं पुरेल का? की कोर्टातून स्टे आणावा?

उत्तर : सह्यांचा अर्ज जरूर द्या, पण त्याच्यावर विसंबू नका. 'लाइन नको' म्हटलं की 'वीज ही सार्वजनिक गरज आहे' एवढं उत्तर देऊन कंपनी मोकळी होते. टॉवर नेमका कुठे सरकवता येईल, हे तुम्ही गट नंबरासह मांडलंत, तर मात्र तिला त्याच मुद्द्यावर बोलावं लागतं.

स्टेची आशा कमी आहे, हे स्पष्टच सांगतो. वीज कायदा 2003 च्या कलम 164 खाली सरकार कंपनीला 1885 च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. ते मिळाले की टॉवर उभा करायला जमीनमालकाची संमती लागत नाही. पॉवरग्रिड विरुद्ध सेंच्युरी टेक्स्टाइल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2016 मध्ये हीच भूमिका घेतली. मात्र तुमच्या कंपनीला हे अधिकार खरोखर मिळालेत का, ते आधी तपासा. 'आमच्याकडे ऑर्डर आहे' हे तोंडी ऐकून घेऊ नका, आदेशाची प्रत मागा. आदेश नसेल तर वीज कायद्याखालच्या 2006 च्या नियमांप्रमाणे कंपनीला तुमची संमती घ्यावी लागते, आणि तुम्ही हरकत घेतलीत तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी आणावी लागते.

आणखी एक अडचण आहे. 2006 च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेत पारेषण वाहिन्या, म्हणजे अशा हायटेन्शन लाइन, येत नाहीत, त्यामुळे धरण किंवा खाणीसारखी जनसुनावणी इथे होत नाही. म्हणूनच हातात उरलेल्या तीन आठवड्यांचं मोल मोठं आहे.

गोव्याचं उदाहरण बघा. तमनार या वीजवाहिनी प्रकल्पाची 400 केव्ही लाइन मोलेमच्या जंगलातून नवा पट्टा तोडून जाणार होती. सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीने 2021 मध्ये ती आधीपासूनच्या 220 केव्ही लाइनच्या पट्ट्यातूनच नेण्याची शिफारस केली आणि 2022 मध्ये न्यायालयाने ती मान्य केली. तिथे जंगलाचा प्रश्न होता, तुमच्याकडे बागेचा आहे, पण बोट ठेवण्यासारखा दुसरा मार्ग समोर असला की काय होऊ शकतं, हे त्यातून दिसतं.

आता तुमचा स्वतःचा अर्ज. सह्यांच्या अर्जाखेरीज प्रत्येक बाधित शेतकऱ्याने आपापला वेगळा अर्ज द्यावा. सोबत सातबारा, मोजणीचा नकाशा, बागेची पीक पाहणीतली नोंद आणि खुंटीचे फोटो जोडा. गाव नकाशावर लाइनची रेघ ओढा आणि विहीर, बोअर, पाइपलाइन, घर सगळं दाखवा. मग असं लिहा : 'टॉवरची खुंटी बागेच्या मधोमध, विहिरीपासून 40 फुटांवर आहे. लाइनच्याच रेषेत ती पूर्वेला 120 फूट सरकवल्यास टॉवर बांधावर येतो, वेली वाचतात आणि लाइनला नवे वळण पडत नाही. ही जागा तपासून लेखी उत्तर द्यावे.' आकडे अर्थातच तुमच्या मोजणीचे घाला. वळणाचा उल्लेख मुद्दाम केला आहे. वळणावरचा टॉवर जास्त वजनाचा आणि महाग असतो, त्यामुळे मार्गाला बाक द्यायला कंपनी सहसा तयार होत नाही. त्याच रेषेत मागेपुढे सरकवणं तिला सोपं जातं.

220 केव्हीसाठी लाइनखाली साधारण 35 मीटर रुंदीचा पट्टा धरतात. द्राक्षाचा मांडव सहसा लोखंडी अँगल आणि तारांचा असतो. वरच्या लाइनमुळे या तारांमध्ये प्रवर्तनाने, म्हणजे लाइनला न टेकताही, वीज येऊ शकते. मांडवाचं अर्थिंग कंपनीने स्वतःच्या खर्चाने करून द्यावं, ही मागणी अर्जातच करा. बागेत रोज हात घालून काम करणाऱ्या मजुरांच्या जिवाचा प्रश्न आहे, तो विसरू नका.

सूचनेतल्या पत्त्यावर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. जिल्हाधिकारी आणि तहसीलदारांना प्रती द्या आणि पोच घ्या. कोणकोणते पर्यायी मार्ग तपासले आणि हाच का निवडला, हे ऊर्जा विभागाकडे माहिती अधिकारात विचारा. वीज नियामक आयोगापुढच्या परवान्याची सूचना वेगळी असते आणि तिची मुदत 30 दिवसांची असते. म्हणून तुमच्या हातातली सूचना नेमकी कोणती आहे, ते नीट वाचा.

भरपाईची मागणी या अर्जात घालू नका. दोन्ही एकत्र आलं की अधिकारी 'भाव वाढवून मागतायत' असा अर्थ काढतात. तिच्यासाठी वेगळा अर्ज करा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या 14 जून 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत टॉवरच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या 200 टक्के आणि तारांखालच्या पट्ट्याला 30 टक्के मोबदला सांगितला आहे. आपल्या राज्यात सध्या लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रत जिल्हाधिकारी कार्यालयातून घ्या. पिकाचं नुकसान यात येत नाही, ते वेगळं मागायचं. रक्कम अपुरी वाटली तर तार कायद्याच्या कलम 16(3) खाली जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करता येतो.

काम सुरू झालंच तर रस्ता अडवू नका. जिल्हाधिकाऱ्यांच्या आदेशानंतर अडथळा आणला तर गुन्हा दाखल होऊ शकतो. पंचनाम्यात वेलींची संख्या, वय, मांडव आणि ठिबक यांची नोंद झाल्याशिवाय सही करू नका, आणि करताना 'हक्क राखून' असं स्वतःच्या हाताने लिहा.