पॅप स्मिअर होतेच आहे, मग एचपीव्ही टेस्ट कशाला?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) चालू असताना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या स्क्रीनिंगमध्ये एचपीव्हीची ही नवीन टेस्ट का घुसवतायत, आणि पॉझिटिव्ह आली म्हणजे कॅन्सर झालाच का. दुसऱ्याचं उत्तर आधी देते, नाही. हा कॅन्सर करू शकणारा एचपीव्ही नावाचा व्हायरस सापडला एवढंच, आणि बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ठाण मांडून बसला तरच धोका, त्यालाही कॅन्सरपर्यंत जायला बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं लागतात.

आता पॅपचं. मी बरीच वर्षं लॅबमध्ये या स्लाइड्स वाचल्यात, म्हणजे एचपीव्ही टेस्टने माझंच काम कमी केलंय म्हणा, तरी मी तिच्याच बाजूने आहे. एका स्लाइडवर हजारो गुलाबी-निळसर पेशी, आणि त्यातून चार-पाच अशा हुडकायच्या ज्यांचं केंद्रक मोठं, गडद, कडा वेड्यावाकड्या. कधी त्या रक्ताखाली दडलेल्या असतात, कधी सॅम्पलमध्ये आलेल्याच नसतात, कधी दिवसाची शेवटची स्लाइड असते आणि डोळे चुरचुरत असतात. त्यामुळे एक पॅप नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होता येत नाही, दर दोन-तीन वर्षांनी परत या, परत या. किती जणी येतात?

एचपीव्हीमध्ये मशीन थेट व्हायरसचा डीएनए शोधतं. निगेटिव्ह आली की साधारण पाच वर्षं बघायला नको. उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजार बायकांवर अभ्यास झाला होता, २००९ ला छापून आला, आयुष्यात एकदाच एचपीव्ही टेस्ट केलेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे झाले, पॅपच्या गटात तसा ठळक फरक दिसला नाही. ऑस्ट्रेलियाने २०१७ च्या शेवटी पॅप बंद करून हीच टेस्ट आणली, आता तिथे बाई स्वतःच स्वॅब घेऊ शकते. ज्या तपासणीच्या टेबलावर झोपायच्या लाजेनेच येत नाहीत त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे.

घोळ होतो तो पॉझिटिव्हनंतर. नुसती टेस्ट आणून भागत नाही, पुढच्या तपासणीची सोय नसेल तर तो रिपोर्ट बाईला घाबरवण्यापुरताच. रिपोर्टवर व्हायरसचा टाइप बघा, १६ किंवा १८ असेल तर सहसा सरळ कॉल्पोस्कोपीला (दुर्बिणीसारख्या यंत्राने गर्भाशयमुख जवळून बघायला) पाठवतात, कारण सुमारे ७० टक्के कॅन्सर या दोघांमुळेच होतात. बाकीचे असतील तर पुष्कळ ठिकाणी आधी पॅप बघतात (म्हणजे आमची नोकरी अगदीच गेली नाही) आणि ती नॉर्मल आली तर वर्षभराने परत टेस्ट. तिशीच्या आत मात्र हौसेने करून घेऊ नका, त्या वयात व्हायरस येतो-जातो, उगाच जिवाला घोर.

आणि रिपोर्ट हातात आला की पहिला संशय नवऱ्यावर जातो, तो घेऊ नका. हा व्हायरस शरीरसंबंधातून येतो खरा, पण अंगात वर्षानुवर्षं गप्प बसू शकतो, कधी आला आणि कोणाकडून आला ते कुठलीच टेस्ट सांगत नाही.