बीएसपी (ब्रोमोसल्फोफ्थॅलिन) या रंगाची जुनी लिव्हर टेस्ट होती. मग तो रंग लॅबमध्ये अजून का लागतो?

टेस्ट बाद झाली, हे तुमचं खरं. १९२० च्या दशकात ती आली. वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅम ब्रोमोसल्फोफ्थॅलिन शिरेतून द्यायचं, ४५ मिनिटांनी रक्त काढून किती उरलंय ते बघायचं. काही रुग्णांना त्याची गंभीर ॲलर्जी यायची, त्यामुळे ती मागे पडली. पण यकृत हा रंग रक्तातून इतक्या झपाट्याने ओढतं कसं, हा प्रश्न राहिलाच. १९९४ मध्ये त्याच रंगाच्या मदतीने उत्तर मिळालं: उंदराच्या यकृतातला आरएनए बेडकाच्या अंडपेशींत टोचला, कोणत्या पेशी किरणोत्सारी बीएसपी आत घेतात ते पाहिलं आणि ओएटीपी कुळातला पहिला ट्रान्सपोर्टर, म्हणजे पदार्थ पेशीत ओढून घेणारं प्रथिन, हाती लागला.

आज आम्ही हा रंग जास्त करून इन्हिबिटर, म्हणजे ट्रान्सपोर्टरला अडवणारा, म्हणून वापरतो. ओएटीपी१बी१ (याच कुळातला एक ट्रान्सपोर्टर) असलेल्या पेशींत स्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचं औषध सोडायचं, सोबत बीएसपी. अपटेक (पेशीने औषध आत घेणं) कोसळला की सिस्टिम चालतेय, एवढं कळतं. ‘एवढंच’ म्हणतोय, कारण हा रंग फार मोकळ्या हाताचा आहे: १बी३, एनटीसीपी, एमआरपी२ या यकृतातल्या इतर ट्रान्सपोर्टर्सनाही, सगळ्यांनाच अडवतो. नुसत्या बीएसपीच्या जोरावर ‘हे काम १बी१चंच’ असं कुणी लिहिलं तर मी तरी मानत नाही.

मोजायला मात्र गंमत येते. आम्लात तो रंगहीन. पेशी धुऊन सोडियम हायड्रॉक्साइड टाकलं की प्लेटमधला फिकट खळगा (वेल) डोळ्यांदेखत जांभळा होतो. ५८० नॅनोमीटरच्या आसपास रीडिंग घ्यायचं. पीएच थोडा घसरला तरी आकडा पडतो, म्हणून स्टँडर्ड त्याच बफरमध्ये बनवा.

माझी फजिती सांगतो. सुरुवातीला मी सिरम असलेल्या मीडियममध्येच १०० मायक्रोमोलर बीएसपी टाकलं. अपटेक जसाच्या तसा! दोन आठवडे मी पेशींना दोष देत बसलो. हा रंग सिरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो, पेशींसाठी मोकळा जवळजवळ उरलाच नव्हता. बाकी हीच चिकटण्याची खोड प्रथिनांच्या अभ्यासात कामी येते. पेशीच्या आत त्याला धरून ठेवणारं ‘लिगँडिन’ असंच सापडलं, आणि पुढे ते ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज निघालं. हे एन्झाइम बीएसपीतला एक ब्रोमिन काढून तिथे ग्लुटाथायोन जोडतं. त्यामुळे जास्त वेळ चालणाऱ्या अपटेकमध्ये पेशीत बीएसपी मोजताय की त्याचं कॉन्जुगेट (ग्लुटाथायोन जोडलेलं रूप), हे आधी ठरवा. मी दोन-तीन मिनिटांतच पेशी बर्फावर घेतो.