लढाऊ विमाने परदेशातून घ्यावीत की देशी उद्योगाला ऑर्डर द्यावी? या निर्णयात राजकारण किती असते?

हवाई दलाला विमानांची तातडीची गरज असताना ती परदेशातून तयार घ्यावीत, की तेजससारख्या देशी विमानावरच सगळा भर द्यावा, आणि हा निर्णय लष्करी असतो की राजकीय, असे आपण विचारले आहे. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत विमानांचे सुटे भाग घडवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी बरीच वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझा ओढा देशी उद्योगाकडे आहे हे आधीच सांगतो. मात्र माझ्या अनुभवानुसार राजकारणाचा खरा फटका कोणते विमान निवडले यापेक्षा ऑर्डर किती नगांची दिली, ती केव्हा दिली आणि पुढची ऑर्डर येईपर्यंत मध्ये किती वर्षे कोरडी गेली, यातून बसतो.

याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे मारुत. जर्मन अभियंता कुर्ट टँक १९५६ मध्ये बंगळुरूला आले आणि त्यांच्या हाताखाली घडलेल्या एचएफ-२४ मारुतने १७ जून १९६१ रोजी पहिले उड्डाण केले. सांगाडा उत्तम होता, पण त्याला शोभेल असे इंजिन मिळाले नाही. ब्रिटनमध्ये ऑर्फियस इंजिनाची अधिक ताकदवान आवृत्ती तयार होत होती. ती पूर्ण करण्याचा खर्च उचलायला आपल्या सरकारने नकार दिला आणि ध्वनीच्या दुप्पट वेगाचे स्वप्न घेऊन निघालेले विमान जुन्याच इंजिनावर ध्वनीच्या वेगाला जेमतेम टेकले. तरीही १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या आघाडीवर त्याने चोख काम केले. एकूण १४७ विमाने बनली आणि त्यानंतर त्या अनुभवावर पुढची पिढी उभी राहिलीच नाही. इंजिनासाठी तेव्हा वाचवलेले पैसे पुढे किती महागात पडले, हे आपण आजही पाहत आहोत.

दुसरीकडे १९६२ मध्ये सोव्हिएत संघाशी मिग-२१ चा करार झाला आणि त्यातूनच नाशिकजवळच्या ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये आला. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्या काळात नाशिकमधूनच बिनविरोध लोकसभेवर गेलेले होते, आणि कारखाना इथे येण्यात त्यांचा मोठा वाटा होता असे आमच्या जिल्ह्यात सगळेच मानतात. द्राक्ष आणि कांद्याच्या या पट्ट्यात विमान जोडणारे हात तयार झाले ते त्या निर्णयामुळे, तेव्हा राजकारणाने नेहमी नुकसानच होते असे मी म्हणणार नाही. पुढे रशियन सुखोई-३० एमकेआयची २२२ विमाने ओझरलाच परवाना उत्पादनाने, म्हणजे मूळ परदेशी कंपनीच्या परवानगीने आणि तिच्याच ड्रॉइंगवरून, तयार झाली. परवाना उत्पादनाची मर्यादा मात्र कामगाराला लवकर कळते. ड्रॉइंग येते, त्यावर भिंतीची जाडी लिहिलेली असते, पण ती तेवढीच का ठेवली हे त्या ड्रॉइंगमध्ये कुठेच नसते. ते ‘का’ ज्याला माहीत असते तोच पुढचे विमान आखू शकतो, आणि तेजसने आपल्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

ऑर्डर लांबली की काय होते ते जवळून सांगतो. आमच्याकडे तळहातावर मावेल असा एक ब्रॅकेट बनत असे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा दोन किलोचा ठोकळा सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या मशीनवर, चढवायचा आणि कोरून कोरून शेवटी दोनशे ग्रॅमचा भाग हाती यायचा. बाकी सगळा माल चिप होऊन भंगारात जायचा. ठोकळ्यावरचा हीट नंबर, म्हणजे धातूच्या त्या ओतीचा क्रमांक, टेस्ट सर्टिफिकेटवरच्या नंबराशी जुळला नाही, तर तो मशीनजवळसुद्धा नेता येत नसे. पहिला नग मंजूर व्हायला सात महिने गेले. त्यानंतर काम सुरळीत चालले, आणि मग सुखोईची ऑर्डर संपत आली तशी आमची कामेही आटत गेली. ठोकळा मशीनवर घट्ट धरून ठेवणाऱ्या फिक्स्चरला ग्रीस फासून ते रॅकवर ठेवले, आणि ते बसवण्यात ज्याचा हातखंडा होता तो सेटर चाकणला मोटारीच्या कारखान्यात निघून गेला. फिक्स्चर पुन्हा पुसून घेता येते. त्या माणसाच्या बोटांत बसलेला अंदाज कोणत्याही फाइलमध्ये लिहिलेला नसतो.

आता तेजसच्या ऑर्डरींचे आकडे याच नजरेने पाहा. प्रकल्पाला १९८३ मध्ये मंजुरी मिळाली आणि पहिले उड्डाण ४ जानेवारी २००१ रोजी झाले. मध्ये १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अमेरिकेने निर्बंध घातले आणि उड्डाण नियंत्रण प्रणालीवर तिथे काम करणाऱ्या आपल्या अभियंत्यांना परत यावे लागले. एवढ्या कष्टांनंतर सुरुवातीला ऑर्डर मिळाली ती २० विमानांची, आणि मग आणखी २० ची. चाळीस विमानांसाठी कोणता पुरवठादार नवे मशीन घेईल आणि कोणती बँक त्याला कर्ज देईल? ८३ विमानांची मार्क-१ए ची, म्हणजे तेजसच्या सुधारित आवृत्तीची, ऑर्डर २०२१ मध्ये आली आणि आणखी ९७ ची, सुमारे ६२ हजार कोटी रुपयांची, सप्टेंबर २०२५ मध्ये. यांपैकी पहिली मोठी ऑर्डर दहा वर्षे आधी आली असती, तर आज वाद उत्पादनाच्या वेगाचा नसून निर्यातीचा असता, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आणि इंजिन पुन्हा आडवे आलेच. तेजससाठीच्या देशी कावेरी इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला आणि २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करण्यात आला. त्यामुळे मार्क-१ए साठी अमेरिकी कंपनीकडून ९९ इंजिने घेण्याचा करार २०२१ मध्ये करावा लागला, आणि त्यांतले पहिले इंजिन आले ते मार्च २०२५ मध्ये, म्हणजे पहिले विमानच हवाई दलाच्या हाती पडायला हवे होते त्यानंतर वर्षभराने. उशिराचे सगळे खापर इंजिनावर फोडता येणार नाही, कारण हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या संथ कारभारावर खुद्द हवाई दल प्रमुखांनीही जाहीर नाराजी व्यक्त केली आहे आणि ती रास्त आहे.

आयातीची बाजूही मी हलकी मानत नाही. हवाई दलाला ४२ स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांच्या तुकड्या, मंजूर आहेत, आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ निवृत्त झाल्यावर हाती २९ उरल्या. सीमेवर उडणाऱ्या वैमानिकाला कारखान्याची अडचण सांगून चालत नाही. म्हणून फ्रान्सकडून राफेल घेणे चूक होते असे मला वाटत नाही. त्याचा व्यवहार ज्या रीतीने बदलला ते मला खटकते. मूळ योजना १२६ विमानांची होती आणि त्यांतली १०८ देशात बनणार होती. ती वर्षानुवर्षे वाटाघाटीत अडकली, एप्रिल २०१५ मध्ये ३६ तयार विमाने घेण्याची घोषणा झाली आणि सप्टेंबर २०१६ मध्ये करार झाला. त्यानंतर संसदेपासून प्रचारसभांपर्यंत वाद रंगला तो किंमत आणि ऑफसेटचा (कराराच्या रकमेतला ठरावीक वाटा भारतात गुंतवण्याच्या अटीचा) भागीदार यांवर. त्या प्रश्नांची उत्तरे मिळणे आवश्यकच होते, परंतु देशात बनणाऱ्या १०८ विमानांच्या जागी आता काय बनणार, हे विरोधकांनी पुरेशा चिकाटीने विचारले नाही आणि सत्ताधाऱ्यांनी आपणहून सांगितले नाही.

महाराष्ट्रात हेच सी-२९५ मालवाहू विमानाच्या बाबतीत घडले. ५६ पैकी ४० विमाने वडोदऱ्यात बनणार हे २०२२ मध्ये स्पष्ट झाले, तेव्हा प्रकल्प नागपूरचा गेला यावरून आपल्याकडे मोठे रान उठले. राग समजण्यासारखा होता, पण त्या विमानांच्या हजारो सुट्या भागांतले किती आपल्या नाशिक-पुण्याच्या कारखान्यांना मिळवता येतील, यावर त्या गदारोळात कुणी बोलल्याचे मला आठवत नाही.

म्हणून माझे उत्तर असे की, स्क्वाड्रनची तूट भरण्यासाठी आवश्यक तेवढी विमाने सरकारने बाहेरून जरूर घ्यावीत, पण त्याच बैठकीत देशी विमानांची पुढच्या दहा वर्षांची दरवर्षीची संख्या ठरवावी आणि ती सरकार बदलले तरी बदलू नये. इंजिनाचा पैसा विमानाच्या प्रकल्पापासून वेगळा ठेवावा आणि तो अपयशी चाचण्या सोसण्याइतका मोठा असावा, कारण चाचणीत इंजिने फुटल्याशिवाय कोणत्याही देशाला इंजिन बनवता आलेले नाही.

ओझरला तेजस मार्क-१ए ची नवी उत्पादन साखळी सुरू झाली असून तिथे बनलेले पहिले विमान १७ ऑक्टोबर २०२५ रोजी उडाले. वर्षाला आठ विमानांची तिची क्षमता आहे. चाकणला गेलेल्या आमच्या सेटरला मी त्याच आठवड्यात फोन करून परत येतोस का असे विचारले. त्याने पगाराचे नंतर बोलू म्हटले आणि आधी विचारले, ‘‘दादा, ऑर्डर किती वर्षांची आहे?’’