डोलारा डुलतो, तो डुलायलाच हवा

लाकडी रोलर कोस्टरबद्दलची पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : मुलांना घेऊन ऑल्टन टॉवर्स या इंग्लंडमधल्या पार्कला गेलो होतो. तिथला ‘विकर मॅन’ कोस्टर लाकडी म्हणून गाजलाय, पण रुळावर तर चकचकीत लोखंडी पट्टी दिसते. मग हा लाकडी कसा? (बर्मिंगहॅम)

पट्टी चाकाखाली झिजण्यापुरती आहे. खाली जे आहे ते लाकूड. साधारण दीड इंच जाडीच्या आठ-एक फळ्या एकावर एक रचून, खिळे आणि बोल्ट मारून रूळ तयार होतो. एकूण उंची फूटभर. वरच्या दोन फळ्या मुद्दाम रुंद ठेवतात, म्हणजे त्या आतल्या बाजूला ओठासारख्या पुढे येतात. डब्याची मुख्य चाकं वरून धावतात, बाजूची चाकं त्या ओठाच्या कडेला घासून जातात आणि तिसरी जोडी ओठाच्या खालून धावते. चढ ओलांडताना तुम्ही बाकावरून उचलले जाता तेव्हा डबा रुळावर धरून ठेवते ती हीच तिसरी जोडी. जॉन मिलर या अमेरिकन अभियंत्याने 1919 मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यानंतरच उतार खऱ्या अर्थाने उभे झाले.

तेव्हा लाकडी की पोलादी हे रुळावरून ठरवायचं, रूळ पेलणाऱ्या डोलाऱ्यावरून नव्हे. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडचा 1927 चा ‘सायक्लोन’ पोलादी सांगाड्यावर उभा आहे, तरी रूळ लाकडी म्हणून तो लाकडी. ओहायोतल्या सीडर पॉइंट पार्कचा ‘जेमिनाय’ नेमका उलटा : डोलारा लाकडाचा, रूळ पोलादी नळीचा. टेक्साससारख्या ठिकाणी जुन्या डोलाऱ्यावर पोलादी रूळ चढवून ‘नवा’ कोस्टर उघडतात, त्याला लाकडी म्हणावं का यावर शौकिनांचे वाद चालूच असतात. आमच्या मते म्हणू नये.

तुमचा ‘विकर मॅन’ मात्र अस्सल. 2018 मध्ये उघडला, लांबी 618 मीटर, आणि ब्रिटनमध्ये त्याआधीचा मोठा नवा लाकडी कोस्टर 1996 चा होता.

प्रश्न : रांगेत उभं असताना गाडी गेली की अख्खा सांगाडा हलताना दिसला. बायकोने बसायलाच नकार दिला. तिचं चुकलं का? (सिनसिनाटी)

बसायचं की नाही हा त्यांचा निर्णय, पण कारण चुकलं. भरलेली गाडी तळाशी दाबते आणि वळणावर बाहेर ढकलते. तो भार बोल्टने जोडलेल्या शेकडो चौकटी थोड्या थोड्या वाकून वाटून घेतात. जो सांगाडा अजिबात हलणार नाही, त्याचा सगळा मार एकाच सांध्यावर बसेल. वाऱ्यात नारळ उभा राहतो तो वाकतो म्हणूनच.

घाबरायचं ते वेगळ्या गोष्टीला. एकसारखी थरथर चालेल. एकाच जागी, दर फेरीला, कमरेत बसणारा दणका चालणार नाही. तो रुळातला खड्डा. तो असा होतो : उताराच्या तळाशी चाकांचा मार सतत बसतो, फळ्या दबतात, खिळे सैल होतात, फटीत पाणी शिरतं, लाकूड मऊ पडतं. मग चाक त्या खड्ड्यातून उसळून पुढे आदळतं आणि तिथे दुसरा खड्डा पाडतं. रस्त्यावरचे खड्डे असेच वाढत जातात, ते आपल्याला वेगळं सांगायला नको.

तुमच्या शहराजवळच्या किंग्ज आयलंड पार्कात बिघडलेल्या रुळाचं आणि सांभाळलेल्या रुळाचं अशी दोन्ही उदाहरणं आहेत. ‘सन ऑफ बीस्ट’ 2000 साली उघडला. 2006 च्या जुलैत एक तुळई तडकली, रुळात खड्डा पडला, गाडीला जबर हिसका बसून 27 जण जखमी झाले. पुढे तो बंदच झाला आणि पाडला. त्याच पार्कातला 1979 चा ‘बीस्ट’, 7,361 फुटांचा, जगातला सर्वांत लांब लाकडी कोस्टर, आजही धावतो, कारण त्याचे रूळ उकलून नव्याने बसवले जातात. 2022 च्या हंगामाआधी सुमारे 2,000 फूट रूळ असाच बदलला. पट्टी उचलायची, खराब थर काढायचे, नव्या फळ्या बसवायच्या. वरच्या फळीचा सांधा खालच्या सांध्यावर कधीच येऊ द्यायचा नाही. विटांच्या भिंतीत गवंडी जे पाळतो तेच.

रोज सकाळी पार्क उघडण्याआधी माणसं पाना आणि हातोडा घेऊन रूळ चालत तपासतात. मग रिकाम्या गाड्या सोडतात. नव्या कोस्टरला सुरुवातीचे महिने जास्त लक्ष द्यावं लागतं, कारण ताजं लाकूड सुकून आकसतं आणि घट्ट आवळलेले बोल्ट आपोआप ढिले होतात.

प्रश्न : चढावर खटक-खटक आवाज येतो तो कशाचा? (नाशिक)

सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये मिस्त्री ज्याला ‘कुत्रा’ म्हणतात, तसलाच प्रकार. चढावर करवतीसारख्या दात्यांची पट्टी असते. डब्याखालचा लोखंडी खटका दर दात्यावरून पडत जातो. गाडी वर ओढणारी साखळी तुटली तर तो दात्यात अडकतो आणि गाडी मागे घसरत नाही.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. एवढी लाकडं वाकवतात कशी, आणि आपला सागवान चालेल का? (सावंतवाडी)

जाड तुळई वाकवायची नाही, हीच युक्ती. पातळ फळी चपटी टाकली की टेकडीच्या वळणावर सहज बसते. एकेक थर खिळत गेलं की सगळे मिळून तो आकार धरून ठेवतात. आडव्या वळणावर मात्र फळी कडेवर वाकायला तयार नसते. तिथे शिकंज्यांनी ओढून बसवतात, नाहीतर कमानीच्या आकारातच कापून घेतात. वेळ तिथेच जातो.

अमेरिकेत यासाठी दक्षिणेकडचा पिवळा पाइन वापरतात. मजबूत, लांब फळ्या मिळतात, आणि दाबाखाली लाकूड टिकवायचं औषध खोलवर पितो. सागाचा गाभा औषध पीतच नाही, त्याला तशी गरजही कमी. पण दर काही वर्षांनी उकलून फेकायच्या फळ्यांसाठी साग कोण घेईल! कोकणासारख्या पावसात खरा प्रश्न सांध्यांचा : पाणी साचायला जागा नको, बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेले हवेत, आणि खांबाचा बुंधा मातीत न पुरता काँक्रीटच्या पायावर हवा, नाहीतर वाळवीची सोय होईल. खोपोलीजवळच्या इमॅजिकाचा ‘नायट्रो’ कोस्टर पोलादी असल्याने त्याला ओलाव्याने फुगणं-आकसणं यांची कटकट नाही.

दुसरी पद्धत कारखान्याची. प्लायवूडसारखे थर चिकटवून, यंत्रावर अचूक कापून तयार तुकडे आणायचे. जर्मनीतला ‘कोलोसस’ (2001) आणि दक्षिण कोरियातला ‘टी एक्स्प्रेस’ (2008) असे आहेत. चाल गुळगुळीत, पण खराब झालं की एक फळी बदलून भागत नाही. ‘कोलोसस’ 2016 मध्ये बंद पडला तो रूळ बदलून 2019 लाच सुरू झाला.

प्रश्न : पहिल्यांदाच बसणार आहोत. कुठे बसावं, किती वाजता जावं? (लेस्टर)

सकाळी थंड बेअरिंगमध्ये ग्रीस घट्ट असतं, गाडी मंद धावते. दुपारनंतर तीच गाडी जाणवण्याइतकी वेगवान होते. ‘विकर मॅन’चा उतार 22 मीटरचा. घर्षण नसतं तर तळाशी वेग ताशी 75 किलोमीटर निघाला असता, प्रत्यक्षात 70 च्या आसपास मिळतो. ओली पट्टी चाकांना कमी धरते, म्हणून भुरभुर पावसात गाडी आणखी पळते.

शेवटचा बाक उतारावर खेचला जातो, जास्त उसळवतो. पुढून नजारा चांगला. कुठल्याही डब्यात चाकाच्या बरोबर वरचा बाक सर्वांत जास्त आदळतो. तीन बाकांचा डबा असेल तर मधला घ्या. मान किंवा कणा दुखत असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल किंवा दिवस गेले असतील तर खालीच थांबा. ‘विकर मॅन’ला मुलांची उंची 1.2 मीटर लागते; जाड टाचांचे बूट घालून फसवू नका, सुरक्षेचा दांडा मांडीवर नीट बसणार नाही. पाठ बाकाला टेकवा, पण डोकं ताठ धरून ठेवू नका. ओढणी काढून पिशवीत, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत, फोन लॉकरमध्ये. चष्म्याला मागून दोरी बांधा.