टाइल्स निवडण्याआधी बँकेकडून टप्प्यांचा तक्ता लेखी घ्या

कराडला गृहकर्जावर चाललेल्या घरासाठी कुठल्या टाइल्स घ्याव्यात असं तुम्ही विचारलंय, पण खरं दुखणं तुमच्या शेवटच्या दोन ओळींत आहे. प्लॅस्टर झालंय, फ्लोअरिंग झाल्याशिवाय बँक पुढचा हप्ता (कर्जाच्या रकमेचा पुढचा भाग) सोडत नाही आणि टाइल्सवाला ॲडव्हान्सशिवाय गाडी भरत नाही. साताऱ्याकडे आमचं घर चाललं होतं तेव्हा आम्हीही नेमके इथेच अडकलो होतो. तुमचं कराड काही लांब नाही, त्यामुळे मिस्त्री, दुकानदार आणि साहेब यांच्या तऱ्हा साधारण त्याच असणार. २×४ फुटी चकचकीत की २×२ मॅट, ते खाली सांगतो.

प्लॉट एनए (बिगरशेती) आहे, परवानगी आहे आणि नकाशाप्रमाणेच बांधलंय, हे धरून चालतो.

आमच्या मंजुरीपत्रात हप्त्यांबद्दल एवढंच होतं: ‘बांधकामाच्या प्रगतीनुसार’. प्लिंथ (जोतं), स्लॅब, वीटकाम, प्लॅस्टरपर्यंत काही अडलं नाही, कारण स्लॅब टाकलाय की नाही यावर वाद होत नाही. फिनिशिंग म्हटलं की प्रत्येकाचं गणित वेगळं. शाखेतल्या साहेबांनी तोंडी सांगितलं, “माल साइटवर आणून ठेवा, व्हॅल्युअर बघून जातील, हप्ता सुटेल.” पदरचे पैसे घालून टाइल्स आणल्या, हॉलमध्ये छातीएवढी खोकी रचली. व्हॅल्युअर, म्हणजे बँकेसाठी झालेल्या कामाचं मूल्य ठरवणारे, आले, मोबाइलवर फोटो काढले, एका खोक्यावर फॉर्म ठेवून लिहायला लागले आणि म्हणाले, “हे मला धरता येत नाही. बसवलेलं असेल तेवढंच धरतो.” ज्या खोक्यावर ते लिहीत होते त्यातल्याच टाइल्सचं मूल्य फॉर्मवर शून्य! शाखेत गेलो तर त्या साहेबांची बदली झालेली. नव्या मॅडम म्हणाल्या, असं कोणी सांगितलं असेल तर लेखी दाखवा.

इकडे घरभाडं चालू, प्री-ईएमआय (मिळालेल्या रकमेवरचं नुसतं व्याज) चालू. मिस्त्रीने दुसरी साइट धरली. त्यालाही पोट आहे, तो किती दिवस थांबणार. शेवटी घरातलं सोनं गहाण ठेवून फरशी बसवली. पुढे शेवटच्या हप्त्याला पुन्हा तोच खेळ. बँकेला आधी कम्प्लिशनचा, म्हणजे काम पूर्ण झाल्याचा, दाखला हवा. दाखल्यासाठी दारं, जिन्याचं रेलिंग, संडास-बाथरूमची भांडी सगळं लागलेलं हवं. आणि ते लावायला पैसे कुठले, तर त्याच हप्त्यातले. हे मी बँकेत आणि दाखल्याच्या कचेरीत, दोन्ही टेबलांवर समजावून सांगितलं. दोन्हीकडे मान डोलावली गेली आणि दोन्हीकडून ‘पुढच्या आठवड्यात या’ ऐकलं. नियम कडक असला तर माणूस तयारी करतो हो. नियम काय आहे हेच कोणी कागदावर देत नाही, राग त्याचा येतो.

फाइल हलली ती लेखी अर्जाने. अर्ज दोन प्रतींत केला आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. सोबत इंजिनिअरचं पत्र जोडलं: किती टक्के काम झालंय, काय उरलंय, त्याला किती लागतील. अर्जात एक वाक्य आवर्जून घातलं: ‘हप्ता देता येत नसल्यास त्याचं कारण लेखी कळवावे.’ तुम्ही हा अर्ज आत्ताच करा, टप्प्यांचा तक्ताही, म्हणजे कुठलं काम झालं की किती हप्ता सुटणार ते, त्यातच मागा. बँकेकडे तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. आमच्यावर ती वेळ आली नाही.

मी ना बँकेतला, ना इंजिनिअर. प्रत्येक बँकेची पद्धत वेगळी, तेव्हा माझं बोलणं आपल्या इंजिनिअरला विचारूनच घ्या. पण व्हॅल्युअर जे धरतो ते आधी, हा क्रम मी आता कोणालाही सांगेन. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, फरशी, दारं-खिडक्या आधी. मॉड्युलर किचन, वॉर्डरोब, फॉल्स सीलिंग सगळं नंतर. आमच्या व्हॅल्युअरने तर ते हिशेबातच घेतलं नाही. टाइल्सवाल्याकडे पूर्ण घराची ऑर्डर एका बॅचमध्ये बुक करा, बिलावर बॅच आणि शेड (रंगछटा) नंबर लिहून घ्या, पण माल दोन खेपांत उचला. आधी हॉल आणि बेडरूम बसवून घ्या, त्यावर व्हॅल्युएशन मागा. माल राखून ठेवायला दुकानदार कुरकुरेल, तरी बोलून बघा. काही बँका कोटेशनवर थेट दुकानदाराच्या खात्यात पैसे देतात, तेही विचारा. पाच-दहा टक्के टाइल्स जास्तीच्या घ्या. पुढे एखादी फुटली तर तीच शेड मिळेलच याची खात्री नाही.

आता तुमचा प्रश्न. घरात म्हातारं माणूस किंवा रांगतं मूल असेल तर माझं मत सरळ मॅटच्या बाजूने. हॉलमध्ये चकचकीत हवीच असेल तर घ्या, पण २×४ ला खालची लेव्हल अगदी चोख लागते आणि तसा हात असलेला मिस्त्री आधी शोधावा लागतो. बसवल्यावर दुसऱ्या दिवशी नाण्याने ठोकून बघा, पोकळ आवाज आला तर तेव्हाच उचलायला लावा. मिस्त्री टाइल टाइलला चिकटवून बसवतो म्हणाला तर ऐकू नका, दोन-तीन मिलिमीटरचा स्पेसर हवाच. नाहीतर उन्हाळ्यात फरशी फुगून वर येते. भिंतीला व्हिट्रिफाइड लावणार असाल तर सिमेंटच्या घोळावर नको, टाइल चिकटवायच्या केमिकलवर. ती टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, मग सिमेंट धरणार कशाला?

बाथरूमला १×१ ची अँटिस्किड घ्या, जाळीकडे उतार काढायला लहान टाइल सोपी. पण त्याआधी वॉटरप्रूफिंगवर निदान दोन-तीन दिवस पाणी कोंडून ठेवा आणि खालच्या छताला ओल येते का बघा. मिस्त्री ‘गरज नाही’ म्हणतोच. तेव्हा त्याला चहा पाजा, पण पाणी कोंडाच.

खिडकीखालच्या ग्रॅनाइटला बाहेर उतार आणि पुढे आलेल्या कडेला खालून खाच मारायला सांगा. पाणी तिथेच तुटतं, भिंतीवर ओघळ येत नाहीत. आपल्याकडच्या पावसात याचा उपयोग महागड्या रंगापेक्षा जास्त. बाहेरचा रंग दिवाळीनंतरच काढा. ओल्या प्लॅस्टरवर पुट्टी मारली की पापुद्रे सुटतात, मग कंपनी कुठलीही असो.

थोडं विषयांतर, पण पैशाचं आहे. जुन्या कर पद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची २ लाखांपर्यंत वजावट मिळते. त्यासाठी कर्ज घेतलं त्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण व्हावं लागतं, नाहीतर ती ३० हजारांवर येते. म्हणून हप्ता अडला तर काम रेंगाळू देऊ नका आणि दाखल्याची तारीख जपा. बाकी सीएला विचारा.

मंजुरीपत्रातला हप्त्यांचा परिच्छेद खाते क्रमांक खोडून इथे टाकलात, तर अर्जात नेमकं काय लिहायचं ते सांगता येईल.