अडतीस किलोमीटरचा हट्ट

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या मुंबई मॅरेथॉनसाठी तू ४२.१९५ किलोमीटरची नोंदणी केलीस, हे वाचून आनंद झाला. मात्र पत्राच्या शेवटी ‘शर्यतीपूर्वी एकदा तरी ३८ किलोमीटर धावून पाहतो, म्हणजे मनाची खात्री पटेल,’ असे जे लिहिले आहेस, त्यामुळे उत्तर लांबणीवर न टाकता आजच लिहायला बसलो. तसे करू नकोस. शिवाय नडगी दुखत असूनही या रविवारी २४ किलोमीटर धावायचे ठरवल्याचे तू लिहिले आहेस, त्याचीही काळजी वाटली.

धावायला लागल्यावर पहिल्या सहा-आठ आठवड्यांत दम वाढतो आणि मांड्या-पोटऱ्यांचे स्नायूही बऱ्यापैकी तयार होतात. परंतु स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरांना रक्तपुरवठा मुळातच कमी असतो आणि हाडालाही नव्या भारासाठी स्वतःची डागडुजी करून घट्ट व्हायला कित्येक महिने लागतात. त्यामुळे छाती ‘अजून चल’ म्हणत असताना नडगी अजून मागच्याच महिन्यात रेंगाळत असते. नवख्या धावपटूंच्या बहुतेक दुखापती या तफावतीतून होतात. माझीही तशीच झाली. पहिल्या वर्षी नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवले की कळ यायची. ‘धावून धावून मोकळे होईल’ असे म्हणत मी महिनाभर रेटले, अखेर हाडाला बारीक तडा गेल्याचे निघाले आणि ती शर्यत मी फुटपाथवर उभा राहून पाहिली.

म्हणून तुझ्या नडगीच्या दुखण्याकडे नीट पाहा. दुखणे नडगीच्या आतल्या कडेने पसरलेले असेल आणि अंग तापल्यावर कमी होत असेल, तर अंतर कमी करून आणि बूट तपासून बहुधा भागेल. मात्र ते एकाच बिंदूवर असेल, विश्रांतीतही ठसठसत असेल, तर धावणे त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखव. वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याचा सल्ला तुला कोणीतरी देईलच. तो मानू नकोस, कारण शरीरातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांचा ताण मूत्रपिंडांवर येतो.

सर्वांत लांबची धाव ३० ते ३२ किलोमीटरची असू दे, तीही एकदा-दोनदाच, आणि शेवटची शर्यतीच्या तीन आठवडे आधी. ३८ धावलास तर तो थकवा भरून यायला इतके दिवस जातील की पुढचा सरावच बुडेल. उरलेले अंतर शर्यतीच्या दिवशीच कापायचे असते आणि ते जमेल की नाही ही शंका घेऊनच प्रारंभरेषेवर उभे राहावे लागते. मानसिक तयारी म्हणतात तिचा मोठा भाग ही शंका सोबत बाळगण्याचाच आहे.

दुसरा भाग सावकाश धावण्याचा. आठवड्यातले बहुतेक धावणे असे हवे की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्यात बोलता यावे. ऐकायला हे सोपे वाटते. पण टेकडीवर तुझ्याहून वयस्क गृहस्थ मागून येऊन पुढे निघून जातात, मोबाइलवरच्या ॲपमध्ये मित्रांचे आकडे झळकतात आणि पाय आपोआप वेग घेतात. (मी सरावाचे आकडे कोणालाही दाखवणे बंद केले, तेव्हा कुठे माझा वेग ताळ्यावर आला.) ऑक्टोबरच्या उकाड्यात तर त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतील, कारण दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. तेव्हा आपली तयारी घसरली असे मानून घाबरू नकोस. थंडी पडली की फरक दिसेल.

खाण्याविषयी तू काहीच विचारले नाहीस, याचे नवल वाटले. स्नायू आणि यकृतात साठवलेली साखर साधारण दोन हजार कॅलरींची असते आणि पासष्ट किलो वजनाच्या माणसाला ४२ किलोमीटरसाठी अडीच हजारांहून अधिक लागतात. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास धावपटू ‘भिंतीवर आदळतो’, म्हणजे त्याचे त्राण एकाएकी संपते, ते बरेचसे या हिशेबामुळे. खजूर, गूळ किंवा एनर्जी जेल (पुडीत मिळणारा साखरेचा घट्ट पाक), जे काही शर्यतीत खाणार असशील, ते आधी दर रविवारच्या लांब धावेत खाऊन पोटाला सवय लाव. पाणी तहानेप्रमाणे पी. भीतीपोटी ढोसलेले पाणी रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरवू शकते.

शेवटचे तीन आठवडे धावणे कमी करायचे असते आणि नेमके तेव्हाच मन बिथरते. न दुखणारा गुडघा दुखू लागतो, सकाळी घसा खवखवतो, एक जादा धाव मारून यावीशी वाटते. तेव्हा घरच्या लग्नाकार्याला निवांत हजेरी लाव. चार महिने शनिवारी रात्री नऊला झोपून तू नातेवाइकांचा पुरेसा रोष ओढवून घेतलेला असशील.

माझ्या पहिल्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये परतीच्या वाटेवर, ३५ किलोमीटरच्या पुढे पेडर रोडचा चढ आला तेव्हा मी चालू लागलो. सीएसएमटीहून अंधारात सुटताना सुरुवातीचे दहा किलोमीटर मी उत्साहाच्या भरात फार जोरात काढले होते, त्याची ती वसुली होती. कोणा अनोळखी बाईंनी संत्र्याच्या फोडी हातावर ठेवल्या. पुढच्या दिव्याच्या खांबापर्यंत धावायचे आणि त्यापुढच्या खांबापर्यंत चालायचे, असा हिशेब लावून मी चढ संपवला. चाललो याची खंत त्या दिवशीही वाटली नाही.

या रविवारी ठरवलेले २४ किलोमीटर रद्द कर. आधी नडगी दाखवून घे आणि डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव. पुढच्या आठवड्यांचे वेळापत्रक त्यानंतर मांडू.

तुझा,
एक जुना धावपटू