पुण्याहून आई-बाबांना घेऊन एका दिवसात वाई करायची आहे, सोबत पाचगणीही जमेल का?

जमेल, पण करू नका. मी एकदा तो हावरटपणा केला होता. वाई तासाभरात उरकली आणि उरलेली दुपार पसरणी घाटात पुढच्या गाडीची नंबरप्लेट वाचण्यात गेली. आई अजून टोमणे मारते.

सहाला घर सोडा. खंबाटकी उतरून सुरूर फाट्याला वाईकडे वळायचं. नाश्ता धरूनही साडेनऊपर्यंत गणपती घाटावर असाल, तेवढ्यात दगड तापलेले नसतात. ढोल्या गणपतीचं दर्शन झालं की लोक लगेच चपला घालतात. तुम्ही देवळाच्या मागे जा. मागची भिंत सरळ नाही, माशासारखी निमुळती होत गेली आहे. कृष्णेला पूर आला की पाणी थेट आदळू नये, दुभंगून दोन्ही अंगांनी निघून जावं, यासाठी ती युक्ती. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी हे देऊळ १७६२ साली बांधलं. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा दगडी नंदीही बघा.

तिथून मेणवली जेमतेम तीन किलोमीटर. नाना फडणवीसांचा वाडा प्रसिद्ध आहे, पण वेळ कमी पडला तर वाडा आटोपता घ्या, घाट मात्र चुकवू नका. घाटावर एक मोठी घंटा टांगली आहे. नीट पाहिलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे सालही. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या मोहिमेतल्या घंटांपैकी ही एक. चर्चमधली घंटा महादेवाच्या दारी! माझे बाबा तिथून हलायलाच तयार नव्हते.

आई-बाबांचे गुडघे दुखत असतील तर सगळ्या पायऱ्या उतरायचा आग्रह धरू नका. पावसाळ्यात तर पायऱ्यांवर शेवाळ असतं, वरच बसा. माघापासून पुढे येत असाल तर कुठल्या आळीचा कृष्णाबाईचा, म्हणजे कृष्णा नदीचा, उत्सव चालू आहे ते आधी विचारून घ्या. वाईच्या सात आळ्या आपापल्या घाटावर तो पाळीपाळीने करतात. तो सापडला तर मेणवली सोडलीत तरी चालेल.

जेवण वाईतच करा, ऊन उतरेपर्यंत घाटावर बसा आणि पाचच्या सुमारास निघा. परतीला खंबाटकीचा घाट चढावा लागत नाही, बोगदा आहे.